हेळव्याच्या वहीत

डंडीहून मोरागबाई लिहितात :
पणजोबा जेम्स गिलक्रिस्ट, फिटर,
गोकाकच्या धबधब्यावर सूतगिरणीत होते.
सोबत फोटो. टोपी, मिशा,
मागं घटप्रभा, हललेली, म्हणून नुसतीच पांढरी.
खाली शाईनं गावाचं नाव,
गोकाकही नाही, गोकर्णही नाही, मधलंच काहीतरी.

माझं झेरॉक्सचं दुकान, संकेश्वर, स्टँडसमोर.
पाटी कन्नडमध्ये, उधारीची वही मराठीत,
शिव्या दोन्हीत.
लोकांचे उतारे काढून देते.
कुणाची जमीन कुणाच्या नावावर, हे वाचून वाचून
डोळ्यांना जुन्या शाईची सवय झालीय.

रविवारी गेले.
गिरणीमागं सात थडगी, बाभळीत बुडालेली.
दगडावर ज्वारीचं पीठ चोळलं,
तेव्हा अक्षरं वर आली, तव्यावर पापुद्रा येतो तशी.
जे. म्स. मग चीर. मग अठराशे नव्वद आणि
पुढचा आकडा वाचेस्तोवर
मुंग्या लागल्या.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत पोराच्या बापाचं नाव,
गाव, परगणा, धंदा,
बापाच्या बापाचंसुद्धा.
आईच्या रकान्यात : नेटिव्ह.
जणू तेच तिचं माहेरचं नाव.

सुगी उरकल्यावर हेळवी आला.
त्याचा बाप बैलावर बसून यायचा, हा लुनावर येतो.
मल्लेशी हेळवर. कापडात बांधलेली वही.
आमचं घराणं एका दमात वाचलं :
मूळ गाव कुठलं, कुठल्या दुष्काळात उठलो,
कुणाला किती मुलगे, कोण विहिरीत, कोण पलटणीत.
आणि मुली?
"त्या दुसऱ्याच्या वहीत जातात की."
दुसऱ्याची वही बघितलायस कधी?
त्यानं चहा बशीत ओतला.

मोबाईलवर मिशांचा फोटो दाखवला.
बराच वेळ बघितला.
"ह्यांचा हेळवी कोण?"
म्हटलं, नसतो त्यांच्यात. ज्यानं त्यानं शोधायचं.
"अय्यो पाप," म्हणाला,
आणि ते कन्नडमधलं पाप होतं, दयेचं,
आपल्यातलं नव्हे.

मग थुंकी लावून पानं मागं मागं नेली.
हुक्केरीकडचं एक घर. तीन मुलगे, नावांसकट.
खाली बारीक, तिरकी, नंतर सुचल्यासारखी ओळ :
एक लेक. धबधब्याकडे गेली.
"पणज्याचं अक्षर. लेक कशी लिहिला, मलाबी ठावं न्हाई."
हीच का ती?
"हीच म्हणून सांगत न्हाई.
न्हाई म्हणूनबी सांगत न्हाई."

रात्री लिहायला बसले.
'असेल'साठी इंग्रजीत जेवढे शब्द येत होते
तेवढे लिहिले, तेवढे खोडले.
माझ्या आजीची थोरली बहीणही कुठल्याच कागदावर नाही,
ते त्यांना कशाला सांगू.
शेवटी पानाचा फोटो पाठवला, नुसता.
कडेला मल्लेशीचा अंगठा, नखात निपाणीची तंबाखू.

पहाटे उत्तर.
वाचता येत नाही, लिहितात,
पण ओळ कुठली ते कळलं. एकटीच आहे ती.
आणि हा अंगठा कुणाचा? नाव लिहून घ्यायचंय.

लुनाचा प्लग गेला म्हणून तो गावातच अडकलेला.
सांगितलं. त्यानं स्वतःचा अंगठा
उलटा-सुलटा करून बघितला.
मग आमच्या घराचा शाळू पिशवीत भरून घेतला,
आणि पिशवीचं तोंड न बांधता उभा राहिला.
"त्यांच्या घरचं एक मापटं?"

भरलं. वर ओंजळभर टाकलं.
"तिकडं काय पिकतंय?"
म्हटलं, विचारून सांगते.